गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यायचंय? आधी दुसऱ्याचा कोड तपासा

मी एका महाविद्यालयात गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात सेजमॅथ आणि सिमपाय या गणिती आकडेमोडीच्या दोन मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करते. एम. एस्सी.ची मुलं हल्ली विचारतात, ‘मॅडम, आम्हालाही यात यायचंय, कुठला अल्गोरिदम लिहायला घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: सध्या कुठलाच नाही. आधी दुसऱ्या कोणी लिहिलेलं तपासायला बसा. मुलांचा चेहरा उतरतो, म्हणून यामागचं कारण इथे सविस्तर सांगते.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. नंबर थिअरीत काम करणाऱ्या विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सेज (म्हणजेच सेजमॅथ) सुरू केलं. मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरना मुक्त पर्याय उभा करायचा, हे ध्येय त्यांनी उघडपणे मांडलं होतं. सगळं नव्याने लिहीत बसण्यापेक्षा जे चांगलं आधीच तयार आहे ते एकत्र आणायचं त्यांनी ठरवलं. ग्रुप थिअरीसाठी जर्मनीत आखेनला १९८६ मध्ये सुरू झालेलं गॅप, नंबर थिअरीसाठी फ्रान्समधल्या बोर्दोचं पारी, बहुपदींसाठी सिंग्युलर, कॅल्क्युलससाठी मॅक्सिमा, हे सगळं सेजमध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून वापरता येतं. चिन्हांतलं गणित करणारं सिमपाय ओंद्रेय चेर्टिक यांनी सुरू केलं. ते पूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि चालवायला पायथनखेरीज एमपीमॅथ ही एकच लायब्ररी लागते.

गॅपचे जनक योआखिम नॉयब्यूजर यांचा एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. ग्रुप थिअरीतलं सिलोचं प्रमेय आणि त्याची सिद्धता ग्रंथालयात कोणालाही वाचता येते आणि मग ते प्रमेय आयुष्यभर फुकट वापरता येतं. कोणी तुमच्याकडे परवान्याचे पैसे मागत नाही, सिद्धता लपवूनही ठेवत नाही. मग गणिती आकडेमोड करणाऱ्या कोडला वेगळा न्याय का? बंद सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर तुम्ही शोधनिबंधात वापरता, तेव्हा ते कसं आलं हे तुम्हाला पाहता येत नाही, परीक्षकालाही नाही. कोड उघडा असला की ही अडचण निम्मी सुटते. उरलेली निम्मी तेव्हाच सुटते, जेव्हा तो कोड कोणीतरी खरंच वाचतं. वाचणारी माणसं सगळ्याच प्रकल्पांत कमी असतात. तुमची गरज तिथे आहे.

सेजमध्ये कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय आत जात नाही. बदल पुल रिक्वेस्ट म्हणून, म्हणजे ‘हा बदल आत घ्या’ अशी विनंती म्हणून येतो आणि त्यावर ‘नीड्स रिव्ह्यू’ असं लेबल लागतं. तपासणाऱ्याला काही खटकलं तर ‘नीड्स वर्क’, पटलं तर ‘पॉझिटिव्ह रिव्ह्यू’. मग रिलीज मॅनेजर तो पुढच्या आवृत्तीत घेतो. २०२३ च्या सुरुवातीला हे सगळं काम ‘ट्रॅक’ या जुन्या नोंदव्यवस्थेवरून गिटहब या संकेतस्थळावर आलं, पण पद्धत तीच राहिली. रिव्ह्यू करायला कुठलं पद लागत नाही. तुम्ही बदल आपल्या मशीनवर उतरवून घेतला, चाचण्या चालवल्या, गणित कागदावर ताडून पाहिलं आणि काय दिसलं ते नीट लिहिलंत, की तुमच्या शब्दाला वजन येतं.

‘पण आम्हाला कोड कुठे नीट येतो?’ हा पुढचा प्रश्न. तुम्हाला गणित येतं, आणि बऱ्याच चुका गणिताच्या बाजूनेच शिरतात. डायहेड्रल ग्रुपचं, म्हणजे सुसम बहुभुजाच्या सममितींच्या ग्रुपचं पाहा. गॅपला ८ हा आकडा देऊन डायहेड्रल ग्रुप मागितला तर ८ घटकांचा, म्हणजे चौरसाच्या सममितींचा ग्रुप मिळतो. सेजला तोच आकडा दिला तर अष्टकोनाच्या सममितींचा, १६ घटकांचा. दोन्ही संकेत, म्हणजे लिहिण्याच्या ठरलेल्या रीती, पुस्तकांत सापडतात, दोन्ही बरोबर. पण सेजमधलं एखादं फंक्शन आतून गॅपला हाक मारत असेल आणि लिहिणाऱ्याने आकडा दुप्पट केला नसेल, तर प्रोग्राम कुठेही न अडखळता चुकीचं उत्तर देईल. बीजगणिताचा एक पेपर मन लावून सोडवलेला विद्यार्थी हे पाहता क्षणी पकडू शकतो. क्रमपर्यायांचा गुणाकार डावीकडून करायचा की उजवीकडून, नैसर्गिक संख्यांत शून्य धरायचं की नाही, चौकटींच्या ओळींनी बनणाऱ्या यंगच्या आकृत्या इंग्लिश पद्धतीने काढायच्या की फ्रेंच, अशा जागा ठिकठिकाणी आहेत. रिव्ह्यू करताना मी पहिल्यांदा संकेतच तपासते, कोडची मांडणी नंतर.

तपासायची सवय लागायला डॉकटेस्टसारखं साधन नाही. सेजचा नियम असा, की प्रत्येक फंक्शनच्या माहितीत चालणारी उदाहरणं हवीतच: हे विचारलं तर हे उत्तर येतं. मशीन ती उदाहरणं खरोखर चालवतं आणि लिहिलेल्या उत्तराशी जुळवून बघतं. २०२० मध्ये ९.० आवृत्तीबरोबर सेज पायथन ३ वर गेलं, तेव्हा काय शाबूत आहे आणि काय मोडलं हे या उदाहरणांनीच दाखवलं.

मी मुलांना सरावासाठी कापरेकरांचा ६१७४ देते. देवळालीच्या या शाळामास्तरांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो. मुलं फंक्शन लिहितात, ३५२४ देतात. ३०८७, ८३५२, ६१७४. झालं म्हणतात. मग मी २१११ द्यायला सांगते. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. ज्यांनी पुढचं शून्य धरलं नाही, त्यांचं फंक्शन ९९९ मधून ९९९ वजा करतं आणि शून्यावर अडकतं. ०९९९ धरलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. त्यानंतर ११११: इथे शून्यच येणार, तर फंक्शनने शून्य द्यावं की वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत अडवावं? आणि तीन अंकी संख्या दिली तर? एवढे प्रश्न पडले आणि प्रत्येकाचं उत्तर उदाहरण म्हणून लिहिलं, की डॉकटेस्ट तयार. कुठल्याही फंक्शनपुढे बसताना आपापला २१११ शोधायचा.

उलट दिशेचंही एक उदाहरण देते. सिमपायला एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ विचारलं तर ते एक्स असं उत्तर देत नाही, जसंच्या तसं ठेवतं. नवखे याला बग समजतात. पण एक्स ऋण असेल तर? संमिश्र असेल तर? एक्स धन आहे असं आधी सांगितलं तर एक्स मिळतो, नुसती वास्तव आहे म्हटलं तर निरपेक्ष मूल्य मिळतं. तेव्हा बग नोंदवण्याआधी विधान कोणत्या गृहीतकांखाली खरं आहे, ते कागदावर लिहून काढा.

तयारीचं थोडक्यात. लॅपटॉप जुना असेल तर सिमपायपासून सुरुवात करा. संपूर्ण सेज मूळ कोडवरून बांधायला काही तास जाऊ शकतात, विंडोजवर तर आधी लिनक्सची सोय करावी लागते. सिमपायमध्ये ‘ईझी टू फिक्स’ (दुरुस्तीला सोपं) असं लेबल लावलेल्या अडचणींच्या नोंदी असतात, त्या चाळा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या पाच-सहा आज्ञा पुरतात. लिनक्सचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पात पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये किंवा पायथनमध्ये उतरवण्याचं काम विद्यार्थ्यांना मिळतं. लिहिलेलं दुसऱ्याने तपासणं म्हणजे काय, याची सवय तिथे छान होते.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. प्रकल्पातल्या कितीतरी जणांची ती मातृभाषा नाही. छोटी, सरळ वाक्यं लिहा: मी हे चालवलं, हे अपेक्षित होतं, हे आलं, माझी आवृत्ती ही. तपासणारे बहुतेक युरोप-अमेरिकेत, त्यामुळे संध्याकाळी विचारलेल्याचं उत्तर सकाळी आलं तर लवकर आलं समजा. कधी आठवडे जातात. दोनेक आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करायला हरकत नाही, रोज मात्र नको. त्या काळात दुसऱ्या कोणाची पुल रिक्वेस्ट तपासा. ज्यांचं काम तुम्ही तपासता ते तुमचंही तपासतात, हे मी वारंवार पाहिलंय. आणि एक कळकळीची विनंती: स्वतःला न समजलेला कोड पाठवू नका, तो मित्राने दिलेला असो की एआयने. ‘ही ओळ का?’ या प्रश्नाला तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं, आणि विचारणारा स्वतःचा वेळ खर्चून विचारत असतो.

नवख्यांना मुक्त प्रकल्पांत मानधनावर काम देणाऱ्या गुगल समर ऑफ कोड या उपक्रमाबद्दल सगळेच विचारतात. सिमपाय त्यात २००७ पासून भाग घेत आलंय आणि भारतीय विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने असतात. अर्जाआधी तुमचा निदान एक बदल मुख्य कोडमध्ये गेलेला असावा, अशी त्यांची अट असते. म्हणून मार्चमध्ये अर्ज लिहायला घेणाऱ्यांपेक्षा दिवाळीच्या सुट्टीतच नोंदी वाचू लागलेल्यांची तयारी पक्की असते. पीएचडीच्या अर्जात किंवा नोकरीच्या बायोडेटात नुसतं ‘मुक्त सॉफ्टवेअरमध्ये योगदान’ असं लिहू नका. तुम्ही केलेल्या दोन-तीन चांगल्या रिव्ह्यूंचे दुवे द्या, जिथे तुम्ही एखादी चूक दाखवली, कारण मांडलं आणि लिहिणाऱ्याने ती दुरुस्त केली. ते पान उघडून वाचलं की तुम्ही गणित कसं करता आणि माणसांशी कसं बोलता, दोन्ही कळतं.