बटण बिघडलं नाही, त्याचं काम बदललंय. टॅब खोलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी माझ्या दुकानात आले, कापडी पिशवीत टॅब, अन् टॅबची काच एका कोपऱ्यातून उचललेली. पुण्याच्या भावानं वापरून दिलेला जुना आयपॅड, म्हणजे ॲपल कंपनीचा टॅब, बाजूला नखानं सरकवायचं बारीक बटण असलेला. तक्रार काय, तर पोरांच्या गणिताच्या गेमचा आवाज येत नाही. आधी दुसऱ्या गावातल्या एका दुकानात दाखवला होता, त्यांनी स्पीकर गेला म्हणून सांगितलं, हीट गन लावून काच उचलली, स्पीकर बदलला, पैसे घेतले, तरी आवाज नाही तो नाहीच. मी टॅब हातात घेतला, बाजूचं बटण नखानं सरकवलं अन् गेम बोलायला लागला.

गुरुजी जरा वेळ काही बोललेच नाही. मग म्हणाले, "भाऊ, हे बटण तं स्क्रीन फिरू नये म्हणून आहे ना? मी दोन वर्षं त्याच्यासाठीच वापरून राह्यलो."

त्यांचं खरं होतं. भावानं ते बटण स्क्रीन लॉकवर सेट करून दिलं होतं. मधात टॅब अडकायला लागला म्हणून गुरुजींनी फॅक्टरी रीसेट मारला, त्यात ती सेटिंग उडाली अन् बटण परत कंपनीच्या मूळ सेटिंगवर, म्हणजे आवाज बंद करण्यावर गेलं. बटण तेच, जागा तीच, बोटाची सवय तीच, फक्त काम बदललं, अन् बदललं हे सांगणारं स्क्रीनवर कोणी नाही. असे लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात, कोणाचा टॅब कोणाचा फोन, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

आधी हे बटण असं का वागते ते सांगतो, मग चुका.

ॲपलनं पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० ला दाखवला तेव्हा बाजूचं बटण आवाज बंद करायचं होतं. ३ एप्रिलला अमेरिकेत विकायला आला तोवर तेच बटण स्क्रीन लॉकचं झालं होतं, म्हणजे आडवा-उभा केला तरी चित्र फिरत नाही. लोकांना ते आवडलं, कारण टॅब माणूस वाचायला घेतो, लोळत वाचतो, कुशीवर वळला की अक्षरं पण वळतात अन् डोकं फिरते, तिथं ते बटण फार कामाचं. मग २२ नोव्हेंबर २०१० ला आयओएस ४.२ चं, म्हणजे आयपॅड-आयफोन ज्याच्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं, त्यात फोल्डर होते, एका वेळी जास्त ॲप चालवायची सोय होती, चांगल्या गोष्टी होत्या, पण त्याच्याच सोबत ते बटण गपचूप आवाजाचं करून टाकलं, आयफोनवर त्या जागी असते तसं. स्क्रीन लॉक करायचं असेल तर होमचं बटण दोनदा दाबा, खाली पट्टी येईल, ती सरकवा, मग तिथं चिन्ह शोधा. एका बोटाचं काम चार पायऱ्यांचं झालं. लोक लय चिडले, अन् माझ्या मते बरोबरच चिडले. शेवटी ९ मार्च २०११ ला आयओएस ४.३ मध्ये सेटिंग दिली, बटण कशासाठी वापरायचं ते तुम्हीच ठरवा म्हणून. साडेतीन महिने लागले याला. सेटिंगमधली एक ओळ होती ती, पहिल्याच दिवशी देता आली असती.

कोणी म्हणेल एवढ्याशा बटणासाठी एवढं काय. वावरातल्या मोटरच्या स्टार्टरचा विचार करा. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. रात्री दोनला लाइन येते, तुम्ही झोपेतून उठून बॅटरी न पेटवता जाता अन् बोट बरोबर हिरव्यावर पडते. उद्या कोणी येऊन त्या दोन बटणांची अदलाबदल करून गेलं अन् फक्त एक कागद चिकटवून गेलं तर? बटण विकत घेताना माणूस त्याचं काम पण विकत घेतो, असं मला वाटते.

पहिली चूक, आवाज नाही म्हणजे स्पीकर गेला असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी. काही खोलायच्या आधी एक गाणं लावा. गाणं वाजते पण गेम, कीबोर्डची टकटक, मेसेजची टिंग वाजत नाही, असं असेल तर स्पीकर ठणठणीत आहे, सायलेंट चालू आहे. आयपॅडमध्ये सायलेंट केलं तरी गाणी अन् व्हिडिओ चालूच राहतात, फक्त गेम अन् नोटिफिकेशनचे आवाज जातात, म्हणून माणूस गोंधळते की अर्धा आवाज येते अर्धा येत नाही. अँड्रॉइडमध्ये पण गाण्याचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा, नोटिफिकेशनचा वेगळा, एक वाढवला म्हणजे सगळे वाढले असं होत नाही. अर्धाच आवाज येत असेल तर बिघाड जवळपास नसतोच, सेटिंग असते. गाणं पण वाजत नसेल तेव्हाच दुकान.

जुन्या आयपॅडवर बाजूचं बटण असेल तर सेटिंग्ज, जनरल, तिथं खाली यूज साइड स्विच टू असं लिहिलेलं असते, त्यात लॉक रोटेशन अन् म्यूट असे दोन पर्याय आहेत, जो पाहिजे तो निवडा. जे काम तुम्ही बटणाला दिलं नाही ते कंट्रोल सेंटरमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या कडेवरून ओढायच्या चिन्हांच्या पट्टीत, जाऊन बसते. म्हणजे बटण लॉकला दिलं तर घंटीचं चिन्ह तिथं दिसेल, बटण आवाजाला दिलं तर कुलुपाचं. आयओएस १२ किंवा पुढचं असेल तर कंट्रोल सेंटर उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली ओढा, आयओएस ७ ते ११ असेल तर खालून वर. गुरुजींच्या टॅबचं कुलूप पंधरा सेकंदात सापडलं असतं, पण हे त्यांना सांगणारं कोणी भेटलं नाही अन् हीट गनवाला आधी भेटला.

स्क्रीन फिरत नाही म्हणून सेन्सर बदलायला निघणं

टॅबच्या आत एक सेन्सर असते, तो जमीन कोणत्या बाजूला आहे ते ओळखते, त्यावरून चित्र उभं-आडवं होते. टॅब खाटेवर किंवा टेबलावर पाठ टेकवून सपाट ठेवला अन् तिथंच गोल फिरवला तर सेन्सरला काही फरकच कळत नाही, कारण जमीन पाठीकडेच राहते. दुकानात काउंटरवर ठेवून "पाहा, फिरत नाही" म्हणून दाखवणारे भाऊ रोज येतात. हातात उभा धरा, मग आडवा करा. तरी फिरला नाही तर कुलुपाचं चिन्ह पाहा. तेही बंद असेल तर दुसरं ॲप उघडून पाहा, कारण काही ॲप बनवलेलेच उभे असतात, ते कसेही धरा उभेच राहतात. एवढं करून पण नाही फिरला तर एकदा बंद-चालू करा, अन् मग आणा.

रीसेट

गुरुजींचं वर सांगितलंच. काही झालं की रीसेट, ही सवय सोडा. रीसेटनं फोटो जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही महिनोन्महिने आपल्या हातानं लावलेल्या बारीक सेटिंग पण जातात अन् त्या आठवत नाही. करायचाच असेल तर आधी सेटिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

पॉवरचं बटण, अन् वैतागून केलेली दाबादाबी

टॅबपेक्षा जास्त तक्रारी आता याच्या येतात. आमच्या गावच्या सप्ताहात एक काकाजी बसले होते, कीर्तन सुरू व्हायचं म्हणून त्यांनी फोन बंद करायला पॉवर दाबून धरलं, तर फोनमधली बाई बोलायला लागली. परत दाबलं, परत बाई. बाजूचे लोक वळून पाहतात, काकाजी घाम पुसतात. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "याचं बटण खराब झालं, मले बंद कराचा असते तं ते बाई कायले बोलते?" बटण चांगलं होतं. नव्या फोनांत पॉवर दाबून धरलं की असिस्टंट उघडते, कंपनीनं तसंच लावून पाठवलेलं असते. जिथं बारा-पंधरा वर्षं सगळ्या लोकांचं बोट फोन बंद करायला जाते, तीच जागा त्यांनी असिस्टंटला दिली. मला हे पटत नाही. वयस्कर माणसाला तर फार त्रास होते, त्याला वाटते आपल्याच हातून काही बिघडलं.

बदलता येते. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड फीचर्स, त्यात साइड की किंवा साइड बटण, तिथं दाबून धरण्याचं काम पॉवर ऑफ मेनूला द्या. साध्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, जेश्चर्स, तिथं पॉवर बटण दाबून धरण्याची सेटिंग मिळते. दुसऱ्या कंपनीत नावं थोडी इकडं-तिकडं असतात, सेटिंगच्या वर शोधायची जागा असते तिथं पॉवर टाइप केलं तरी निघते. अन् तातडीनं बंद करायचाच असेल तर वरून पट्टी ओढा, तिथं पॉवरचं चिन्ह बऱ्याच फोनांत असते.

यातली मोठी चूक म्हणजे बटण ऐकत नाही म्हणून ते पटापट दाबत सुटणं. आपल्या देशात २०१६ च्या नियमानं फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं झालं, पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की मदतीचा फोन लागतो अशी सोय त्यातून आली. आयफोनवर आपल्याकडे तीनदाच, बऱ्याच अँड्रॉइडवर पाचदा दाबलं की इमर्जन्सी सुरू होते, अन् तो कॉल ११२ ला जातो. ती सोय फार चांगली आहे, बंद करून टाकू नका, फक्त बटणावर राग काढू नका. चुकून लागलाच तर घाबरून कट करू नका, चुकून लागला म्हणून सांगा अन् मग ठेवा.

जुन्या व्हर्जनवर परत जाऊ म्हणणं

अपडेटनं बटण बदललं की पोट्टे म्हणतात, फ्लॅश मारून जुनं टाकून देऊ. आयपॅड-आयफोनला नवीन व्हर्जन आल्यावर थोड्याच दिवसात जुन्याला कंपनीची मंजुरी बंद होते, मग ते टाकताच येत नाही. अँड्रॉइडमध्ये पण बऱ्याच फोनांत मागे जायला अडवलेलं असते अन् जबरदस्ती केली की फोन डेड होऊन येते. म्हणून जे करायचं ते अपडेटच्या आधी. काय बदलणार ते त्याच पानावर लिहिलेलं असते, इंग्रजीत असलं तरी घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. अन् ई-पीक पाहणीचे शेवटचे दोन दिवस राहिले असताना अपडेट दाबू नका, आधी पाहणी करून घ्या.

सुई खुपसणं

आपल्याकडे जिनिंगचा कापूस उडते, सोयाबीन काढताना धूळ उडते, ती या बटणाच्या फटीत बसते अन् बटण अर्धंच सरकते. मऊ दात-ब्रश कोरडा घ्या, फोन तिरपा धरून झाडा, बस्स. सुई, टाचणी, रॉकेल, पेट्रोल काही नाही. आतली पट्टी बारीक असते, एकदा तुटली की मग खरंच खोलावा लागते.

आता एक गोष्ट, जी चुकीत मोडत नाही पण सांगायची आहे. जागलीला जाणारे लोक माझ्याकडे येतात, रानडुकरं अन् रोही वावरात घुसू नये म्हणून रात्रभर मचाणावर बसणारे. त्यांना सरकवायचं बटण का पाहिजे ते त्यांच्याकडून ऐकावं. अंधारात स्क्रीन पेटवली की डोळे दिपतात, मग जरा वेळ समोरचं धुऱ्यावरचं काही दिसत नाही. बटण असलं की खिशात हात घालून बोटानं चाचपता येते, वर आहे की खाली, आवाज बंद आहे की चालू, पाहायची गरजच नाही. तीच बटणं आता जात आहेत. आयफोन १५ प्रोवर २०२३ मध्ये सरकवायच्या बटणाच्या जागी दाबायचं ॲक्शन बटण आलं, त्याला पाहिजे ते काम देता येते हे खरं, पण दाबायच्या बटणाला वर-खाली नसते, चाचपून काही कळत नाही. वनप्लसचं तीन जागांवर सरकणारं बटण लोकांना आवडायचं, २०२५ च्या १३एस मध्ये त्यांनी पण ते काढून दाबायचं दिलं. कंपन्यांना एक बटण दहा कामाचं करून विकायचं आहे अन् मचाणावरच्या माणसाला एकाच कामाचं पाहिजे.

सेकंडहँड आयपॅड घेणाऱ्यांनी बाजू पाहून घ्या. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे, पहिला एअर, अन् मिनीचे पहिले तीन, एवढ्यांनाच ते बटण आहे. २०१४ च्या एअर २ पासून काढून टाकलं, २०१५ च्या मिनी ४ मध्ये पण नाही. अन् बटण असलेले सगळे आता इतके जुने झाले की नवीन ॲप बरेच त्यात बसत नाही. नुसत्या बटणासाठी घेऊ नका, वाचायला अन् ऐकायला घ्यायचा असेल तर घ्या.

गुरुजींच्या टॅबची काच मी परत चिकटवून दिली, जुना स्पीकर त्यांनी पिशवीत जपून आणला होता तो पण दाखवला मला, लावून पाहिला, चांगला वाजत होता. बटण त्यांनी परत स्क्रीन लॉकवर घेतलं. वर्गात बारा पोरं चारही बाजूंनी टॅबवर वाकतात, ज्याच्या हातात जाते तो आपल्याकडे वळवते, म्हणून त्यांना लॉकच पाहिजे होतं.