झाडीपट्टीचं नाटक: प्रॉपर्टीच्या या चुका टाळा

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात प्रयोग लावतात. पडदे, गाणी, रंगभूषा यांची तयारी पक्की असते; प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, मात्र ऐन संध्याकाळी गावातून मागून आणली जाते. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वस्तू पात्राची न वाटणं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरी चकचकीत स्टीलचा जग ठेवला, तर संवादातली गरिबी पटत नाही. पोचे पडलेला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, ठेवा, तोंड उघडण्याआधीच घर कळतं. घर सोडून निघालेल्या सुनेची पेटीही रिकामी नको. रिकामी पेटी दोन बोटांवर उचलली जाते. आत चार-पाच किलो जुने कपडे भरा, खांदा आपोआप झुकतो.

मागच्या रांगेतल्या माणसाला अंगठी दिसत नाही, तिची लाल डबी दिसते. पत्राचा पांढराशुभ्र कागद दिव्याखाली डोळ्यांत भरतो. कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. मजकूरही ठळक अक्षरात खरोखर लिहा, नट अडला तर तोच तारतो. फोटोची काच काढून टाका, नाहीतर दिवा चमकतो. गडव्याच्या (तांब्याच्या) बुडाला कापड चिकटवा, नाहीतर तो टेकवल्याचा खणखणाट माइक टिपतो.

प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, दंव पडतं, काडेपेटी सादळते. ती झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत दुसरीही. कापडी मांडवात रॉकेलचा पेटता कंदील आणूच नका. आत सेलवरचा पिवळा बल्ब बसवा आणि सेल त्याच दिवशी बदला.

गावातली खरी कुऱ्हाड तर मुळीच नको. दांडा वाळला की पातं सैल होतं, आणि जोरात उगारताना निसटून समोरच्या माणसांत जाऊ शकतं. लाकडी पातं करा, धार गोल घासा, चंदेरी रंगावर थोडी काजळी चोळा. हत्यार देणारा आणि परत घेणारा माणूस एकच हवा.

दोन्ही विंगांत, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशाला, एकेक टेबल, वर पांढरा कागद. प्रत्येक वस्तूभोवती पेनाने रेघ ओढून आत नाव आणि अंक लिहा. काय गेलं ते रिकाम्या जागेवरून लगेच कळतं. डावीकडची वस्तू नटासोबत उजवीकडे गेली असेल, तर पडदा पडताच ती आपल्या टेबलावर परत आणा.