जुनी गाडी बॅटरी चार्ज करत नसेल, तर आधी काय तपासावे

जुन्या मोटारीची बॅटरी वारंवार उतरू लागली की बहुतेक मालक आधी नवी बॅटरी आणतात आणि तीही उतरली की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, बदलतात. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा गंजलेल्या अर्थच्या (बॅटरीचे टोक बॉडीला जोडणाऱ्या) वायरीत, सैल बेल्टमध्ये किंवा काळ्या पडलेल्या एखाद्या जोडात असतो. तो नव्या भागांनी जात नाही, उलट नवे भागही त्याच्यामुळे खराब होतात. त्यामुळे साधा डिजिटल मल्टिमीटर हाताशी ठेवावा आणि मोजल्याशिवाय एकही भाग काढू नये.

सुरुवातीला गाडीत अल्टरनेटर आहे की डायनमो (तेच काम करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र), हे पाहून घ्यावे. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत डायनमो असे आणि तो इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद गतीने चालू) असताना जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, त्यामुळे त्या गाडीत चार्जिंगचा दिवा आयडलवर मिणमिणला तर तो दोष समजू नये. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणून कोणते टोक अर्थ आहे याची खात्री करूनच वायर सोडवावी. सोडवताना अर्थची वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. हातातील अंगठी व धातूचे कडे काढून ठेवावे, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने जवळपास ठिणगी पडू देऊ नये.

बॅटरीची तपासणी गाडी काही तास उभी राहिल्यानंतर करावी. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.९च्या खाली ती उतरलीच असे मानावे. रात्रभर चार्जर लावूनही आकडा १०.५च्या आसपास अडकला असेल, तर सहांपैकी एक सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि अशा बॅटरीवर पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. आकडा चांगला असूनही स्टार्टर फिरवताना व्होल्टेज ९.६च्या बरेच खाली कोसळत असेल, तरीही बॅटरीवरच संशय घ्यावा.

त्यानंतर फॅन बेल्ट पाहावा. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. बेल्टच्या कडा चकचकीत झाल्या असतील, तर ताण बरोबर असूनही तो घसरतो. दिवे लावताच येणारी किंकाळी ही त्याची खूण आहे, मात्र आवाज न करताही बेल्ट घसरू शकतो.

आता इंजिन सुरू करून ते मध्यम वेगावर ठेवावे आणि बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर मीटर लावावा. अल्टरनेटर असलेल्या गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही ते १३.५च्या खाली गेले नाहीत, तर चार्जिंग नीट आहे. आकडा १५च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे किंवा त्याची अर्थची वायर तुटली आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि बल्ब वारंवार उडतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची जुनी रीत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने डायोड (अल्टरनेटरमधला प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) व रेग्युलेटर जळू शकतात.

बॅटरीवर आकडा कमी दिसला, तर लगेच अल्टरनेटर खोलू नये. इंजिन चालू, हेडलाइट चालू अशा स्थितीत मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या धन खुंटाला लावावी. तार क्लॅम्पला नव्हे, थेट शिशाच्या खुंटाला टेकवावी, कारण पुष्कळदा गंज नेमका त्या दोहोंमध्येच असतो. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तेवढे व्होल्टेज वाटेतच वाया जात आहे. मग मीटरची एक तार खुंटावर तशीच ठेवून दुसरी प्रत्येक जोडावर सरकवत न्यावी. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तोच जोड खराब. डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर (प्रवाह मोजणारा मीटर) असलेल्या गाड्यांत चार्जिंगचा सर्व प्रवाह त्या मीटरमधून जातो, म्हणून त्याच्या मागचे नट विशेष लक्षपूर्वक पाहावेत. हीच चाचणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातही करावी. तिथे फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली की प्रवाह भलत्याच वाटा शोधतो.

चार्जिंगच्या दिव्याकडेही दुर्लक्ष करू नये. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो, म्हणून बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही स्वस्थ बसतो किंवा इंजिन बरेच रेस केल्यावरच जागा होतो. हौसेने तिथे एलईडी बसवली असेल तरी हाच परिणाम होऊ शकतो. चावी फिरवल्यावर दिवा लागत नसेल, तर अल्टरनेटरवरील त्याची बारीक वायर काढून बॉडीला टेकवावी. दिवा लागला तर वायर व बल्ब ठीक आहेत आणि दोष अल्टरनेटरच्या आत, बहुधा झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये (फिरत्या भागाला टेकून प्रवाह पोचवणाऱ्या तुकड्यांत) आहे. ब्रश आणि रेग्युलेटर अनेकदा एकत्र बसवलेले असतात व अल्टरनेटर न काढताही बदलता येतात. डायोडच्या तपासणीसाठी मीटर एसी (प्रत्यावर्ती) व्होल्टेजवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसल्यास डायोड गेला असण्याचा संभव आहे.

डायनमोची परीक्षा वेगळी असते. डी आणि एफ या टोकांच्या वायरी खूण करून काढाव्यात, दोन्ही टोके एका तारेने जोडावीत आणि त्या जोडापासून बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजत इंजिनाचा वेग हळूहळू मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांपर्यंत वाढवावा. आकडा न अडखळता चढला पाहिजे; तो २०च्या पुढे जाऊ देऊ नये. आकडा एका व्होल्टच्या आसपासच रेंगाळला तर फील्डची (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी) गुंडाळी, आणि काहीच न दिसल्यास ब्रश तपासावेत. फील्डचे दुसरे टोक आतून बॉडीला जोडलेल्या डायनमोलाच ही रीत लागू पडते; उलट रचनेच्या डायनमोवर ती वापरू नये. डायनमो चांगला निघाला, तर दोष रेग्युलेटरच्या पेटीत किंवा तिच्याकडे जाणाऱ्या वायरींत शोधावा.

हे सारे ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी प्रवाह गळत आहे. सर्व बंद करून बॅटरीची अर्थची वायर काढावी आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून वायर व खुंट यांच्यामध्ये जोडावा. या स्थितीत इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाडीत ५० मिलिअँपिअरहून अधिक गळती संशयास्पद आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा खाली येतो, त्या सर्किटमध्ये दोष आहे. कोणत्याच फ्यूजने फरक पडत नसेल, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी, कारण खराब डायोडमधून प्रवाह उलटा वाहतो आणि ती वायर जुन्या गाड्यांत बहुधा फ्यूजविना असते.

दुरुस्तीनंतर उतरलेली बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरूनच गाडीत बसवावी. रिकामी बॅटरी भरण्याचा भार जुन्या अल्टरनेटरवर किंवा डायनमोवर टाकला, तर तो तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबून तापतो.