फ्लेअर पेटलेला दिसतो म्हणजे गॅस जळतोच असं नाही: या चुका टाळा

न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागातल्या एडी आणि ली काउंट्यांत हजारो तेलविहिरी अमेरिकेच्या संघीय सरकारच्या जमिनीवर आहेत. ही जमीन आणि तिच्या पोटातलं खनिज ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सांभाळते. तिथे तेलाबरोबर वर येणारा गॅस जनतेच्या मालकीचा आहे. तो वाया जाऊ नये ही अट 1920 च्या कायद्यातच आहे. तरीही फ्लेअर, म्हणजे वाहून नेता न आलेला गॅस उंच नळीच्या टोकाशी जाळणाऱ्या यंत्रणा, जळत राहतात, आणि त्यांतले बरेच नीट जळत नाहीत.

हिशेब करताना धरलं जातं की फ्लेअरमध्ये 98 टक्के मिथेन जळून जातो. पर्मियन (एडी आणि ली यातच येतात), ईगल फोर्ड आणि बाकेन या अमेरिकेतल्या तीन तेलखोऱ्यांत विमानातून केलेल्या मोजमापांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्यक्ष आकडा 91 टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे 2 टक्के सुटतो असं कागदावर लिहिलेलं असताना हवेत जातो 9 टक्के. आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

पायलट विझलेला कळतच नाही

पायलट म्हणजे फ्लेअरच्या टोकाशी सतत जळणारी, गॅस पेटवणारी छोटी ज्योत. ती विझल्याचं न कळणं ही सगळ्यात महागडी चूक. विझलेल्या फ्लेअरमधून जवळपास सगळा गॅस कच्चाच बाहेर पडतो. कारण बहुतेक वेळा पायलटच्या गॅसमध्ये सापडतं: तो विहिरीचाच ओला गॅस असतो, त्यातलं द्रव आणि कचरा नोझलच्या बारीक छिद्रात अडकतो, थंडीत दाब सांभाळणारा रेग्युलेटर गोठतो. पायलटच्या लाइनवर छोटा स्क्रबर (द्रव वेगळं करणारं भांडं) आणि स्ट्रेनर (गाळणी) बसवा, आणि स्ट्रेनर उघडून साफ करण्याचं वेळापत्रक ठरवा. पायलटचा गॅस ज्या सेपरेटरमधून (तेल आणि गॅस वेगळं करणाऱ्या टाकीतून) येतो तोच बंद पडला तर पायलटही उपाशी राहतो. म्हणून प्रोपेनची टाकी पर्यायी म्हणून जोडून ठेवा.

थर्मोकपलवर (उष्णतेवरून ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरवर) डोळे झाकून विश्वास नको. मुख्य ज्योतीच्या उष्णतेने तो तापलेलाच राहतो आणि पायलट विझला तरी «पेटलेला» दाखवतो. तो पायलटच्या टोकाशी, मुख्य ज्योतीच्या झळेपासून दूर बसवा. केवळ ठिणगी पाडणारा ऑटो-इग्निशन हा पायलटचा पर्याय नाही, कारण ठिणगी पडली म्हणजे गॅस पेटला असं नसतं.

धूर नाही, म्हणून सगळं ठीक

काळा धूर दिसला की माणूस ब्लोअर, म्हणजे ज्योतीत हवा सोडणारा पंखा, वाढवतो. मग गॅस कमी झाला तरी ब्लोअर तेवढाच चालू राहतो, ज्योत हवेने पातळ होते, थंड पडते आणि मिथेन न जळता निसटतो. डोळ्यांना मात्र आकाश स्वच्छ दिसतं. एकाच वेगाच्या ब्लोअरऐवजी गॅसच्या प्रवाहानुसार वेग बदलणारा ड्राइव्ह लावा.

धुराचं दुसरं कारण म्हणजे गॅसबरोबर येणारं द्रव. फ्लेअरच्या आधी द्रव अडवणारा नॉकआउट ड्रम साधारण 300 ते 600 मायक्रॉनचे थेंब वेगळे करेल इतका मोठा हवा आणि त्याचा ड्रेन उघडा हवा. हे सोडून हवा वाढवत राहिलात तर मूळ बिघाड तसाच राहतो.

फ्लेअरचं टोक गरजेपेक्षा मोठं असेल, तर विहीर म्हातारी होऊन गॅस घटल्यावर ज्योत टोकाला चिकटते आणि वाऱ्याने वाकते. पहिल्या महिन्याच्या प्रवाहावरून निवडलेलं टोक तिसऱ्या वर्षी चुकीचं ठरतं, म्हणून प्रवाह घटला की टोकही बदला.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तपासताना ज्योतीकडे बघू नका, तिथला गरम कार्बन डायऑक्साइड आणि वाफही चमकतात. वाऱ्याच्या दिशेने ज्योतीच्या पुढे, धूसर पट्टा थंड झाल्यावर काय उरतं ते बघा.

मोजण्याऐवजी अंदाज

फ्लेअरचा प्रवाह काही मिनिटांत शंभरपट बदलू शकतो. ऑरिफिस मीटरचा मोजण्याचा पल्ला फार अरुंद असतो, कमी प्रवाहात तो काहीच सांगत नाही. अल्ट्रासॉनिक मीटर इथे चांगला, पण त्याच्या आधी आणि नंतर उत्पादकाने सांगितलेली सरळ पाइपची लांबी सोडा. थर्मल मास मीटरला गॅसची रचना बदलली की दुरुस्ती लागते, आणि त्याच्या सेन्सरवर द्रवाचा थर बसला की आकडे भरकटतात.

टाक्यांकडेही बघा. सेपरेटरमधून तेल टाकीत सोडणारा डंप व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला की गॅस तेलाच्या टाकीत घुसतो आणि झाकणावाटे जातो. फ्लेअरच्या मीटरवर तो कधीच येत नाही.

वाहिनीआधी विहीर

मूळ दुखणं हेच. गॅस वाहून नेणाऱ्या वाहिनीत जागा नसताना विहीर सुरू होते किंवा नव्या विहिरीच्या जोराने वाहिनीचा दाब चढतो, आणि जुन्या कमी दाबाच्या विहिरींचा गॅस फ्लेअरकडे वळतो. बीएलएमच्या एप्रिल 2024 च्या नियमात वाहिनीच्या क्षमतेअभावी जाळल्या जाणाऱ्या गॅसपैकी महिन्याला दर बॅरल तेलामागे 70 घनफूटच रॉयल्टीमुक्त, म्हणजे सरकारचा वाटा न भरता जाळता येण्याजोगा, ठरवला होता. नॉर्थ डकोटा, टेक्सस, मोंटाना, वायोमिंग आणि यूटा या राज्यांत न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, त्यामुळे आपल्या जागेला काय लागू आहे ते आधी तपासा.

हिशेब करा. रोज 500 बॅरल तेल आणि प्रत्येक बॅरलमागे 3000 घनफूट गॅस देणारी विहीर दिवसाला 15 लाख घनफूट गॅस काढते. त्या नियमाने महिन्याची सवलत होते साडेदहा लाख घनफूट. सगळा गॅस फ्लेअरला गेला, तर ती जेमतेम 17 तासांत संपते. शिवाय न्यू मेक्सिको राज्याचा स्वतःचा 2021 चा नियम आहे: 2026 अखेर प्रत्येक कंपनीने 98 टक्के गॅस पकडायचा.

म्हणून ड्रिलिंगच्या परवान्यासोबतच गॅस कुणाच्या वाहिनीत, किती दाबाने, कोणत्या तारखेपासून जाणार हे लेखी ठरवा. विहीर फ्रॅक करण्याची (दाबाने खडक फोडून उत्पादन सुरू करण्याची) तारीख वाहिनीच्या जोडणीच्या तारखेला बांधा. कमी दाबाच्या विहिरींसाठी स्थानिक कॉम्प्रेसर ठेवा. वाहिनीचा दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की फ्लेअर उघडण्याआधी नव्या विहिरीचा चोक (प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह) कमी करण्याचा क्रम ऑपरेटरच्या सूचनापत्रात लिहून द्या. नवी विहीर थोडी आवळली तर तिचं तेल पुढच्या महिन्यात येतंच. जळून गेलेला गॅस परत येत नाही.