पांढरा मकबरा मळकट का येतो?

फोटोग्राफीच्या क्लासच्या पहिल्या आठवड्यात शटर, ॲपर्चर, आयएसओ पाठ होतं. तरी संभाजीनगरला जाऊन बीबी का मकबऱ्याचा फोटो काढला, की पांढरी वास्तू करडी, मळकट येते. हात तुमचा चुकत नाही, कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो. समोर काहीही असो, ते मध्यम करडंच आहे असं तो धरून चालतो. म्हणून मकबऱ्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) अधिक १ ठेवा. वेरूळच्या कैलास लेण्यात उलटा प्रकार: काळा बेसाल्ट उगाच फिकट होतो, तिथे उणे १. (कैलास पश्चिमाभिमुख आहे, दुपारनंतरच जा.) बहुतेक मोबाइलवर स्क्रीनला बोट लावलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवा. एवढं लांब जाणं जमत नसेल, तर अंगणात पांढरं धोतर आणि काळं घोंगडं वाळत घालून दोन्हींचे फोटो काढून बघा.