खासदाराने संसदेत विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे कशी वाचावीत

खासदाराचे काम जोखायचे म्हटले की हल्ली सगळे आकड्यांकडे धावतात. अमुक यांनी इतके प्रश्न विचारले, तमुक यांची हजेरी इतके टक्के. निवडणूक जवळ आली की हेच आकडे फलकांवर चढतात. त्यावरून मत बनवू नका. १९५७ मध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले, हा विषय लोकसभेत प्रश्नातून आला. खासदार फिरोज गांधींनी तो धागा सोडला नाही. चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. असले काम मोजणीत दिसत नाही. ते पाहायचे तर कागद वाचावे लागतात, आणि ते कोणालाही जमते.

कागद मिळवणे सोपे आहे. संसदेच्या संकेतस्थळावर सभागृह निवडा, सदस्याचे नाव टाका, मंत्रालय आणि तारीख लावा; प्रश्न उत्तरासह मिळतो. जुनी भाषणे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. आपला खासदार मंत्री असेल तर त्याच्या नावावर प्रश्न सापडणार नाहीत, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्याच्या शून्यावरून ओरड करू नका.

मग तारांकित आणि अतारांकित वेगळे करा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, आणि कोणाचा लागणार ते सोडतीने ठरते. म्हणजे तारांकित प्रश्न लागला यात नशिबाचा वाटा मोठा. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. तारांकिताला सभागृहात तोंडी उत्तर असते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे लेखी धरली जातात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पुरवणी प्रश्नांची झटापट लेखी उत्तराच्या कागदात नसते. ती त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतात शोधावी लागते. मूळ प्रश्न पुष्कळदा दुसऱ्याने लिहून दिलेला असतो. मंत्री समोर उभा असताना पुरवणी मात्र खासदाराला स्वतःच विचारावी लागते. त्याचा अभ्यास तिथे कळतो.

एकाच प्रश्नाखाली अनेक खासदारांची नावे असली किंवा तोच मजकूर शब्दशः दोघातिघांच्या नावावर दिसला, तर तो कुणा एकाचा अभ्यास समजू नका.

आता खरा अवघड टप्पा, म्हणजे उत्तर वाचणे. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. बातमीत येते "सरकारने संसदेत सांगितले की...", आणि पुढे उत्तरातले एक वाक्य. ते वाक्य कशाचे उत्तर आहे हे कोणी पाहत नाही.

माझी पद्धत अशी. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे प्रश्नाचे भाग एकाखाली एक उतरवा: (क), (ख), (ग), (घ). उजवीकडे प्रत्येकासमोर उत्तरातला नेमका तेवढाच तुकडा लिहा. मंत्रालये पुष्कळदा "(क) ते (घ)" असे एकत्र उत्तर देतात, दीड पान योजनांची माहिती भरतात, आणि त्यात (ग) चे उत्तर नसतेच. नुसते वाचून हे लक्षात येत नाही, कारण मजकूर भरपूर असतो. उतरवल्यावर उजवीकडची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा हीच तुमची सापडलेली गोष्ट. हे काम डोक्यातल्या डोक्यात करू नका, लिहूनच करा.

त्यानंतर, जे उत्तर मिळाले ते कोणत्या व्याख्येवर उभे आहे हे बघा. २०२१ च्या जुलैमध्ये राज्यसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकसभेत याच मंत्रालयाने सांगितले होते की गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसे गेली. दोन्ही उत्तरे एकाच खात्याची, आणि नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर. कारण २०१३ च्या कायद्यात हाताने मैला साफ करणे आणि गटारात उतरून केलेली धोकादायक सफाई यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. पहिल्या व्याख्येखाली प्रश्न विचारला की शून्य मिळते, दुसऱ्या व्याख्येखाली विचारला की माणसे मोजली जातात. म्हणून समाजकल्याण, मजुरी, बेरोजगारी, आरोग्य यांतला कोणताही आकडा दिसला की आधी संबंधित कायद्यातले व्याख्यांचे कलम उघडा.

वाक्याचा कर्ता कोण आहे तेही पाहा. जुलै २०२१ मध्येच राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल प्रश्न होता. आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या लेखी उत्तरात होते की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे विशेषत्वाने कळवलेले नाही. हे वाक्य कळवण्याबद्दल आहे. मृत्यू झाले की नाही याबद्दल ते काहीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वादात दोन्ही बाजूंनी ते मृत्यूंबद्दलचे वाक्य म्हणून वापरले. असे वाक्य दिसले की पुढचा प्रश्न राज्यांकडे वळतो: राज्यांना तशी वेगळी नोंद करायला कोणी सांगितले होते का?

"अशी आकडेवारी ठेवली जात नाही" हे उत्तर आले की लोक निराश होऊन कागद बाजूला ठेवतात. अजिबात ठेवू नका. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असे लोकसभेत विचारले गेले. कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की अशी माहिती ठेवलेली नाही, आणि म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात किती मजूर परतले याचा राज्यवार तक्ता मात्र याच मंत्रालयाने दिला. काय मोजले आणि काय मोजले नाही, हे सरकारच्या शिक्क्यासह नोंदले गेले. माझ्या मते त्या वर्षातला सामाजिक धोरणावरचा तो सर्वात मोलाचा कागद आहे. आणि लक्षात घ्या, त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता. जे मिळाले ते अतारांकित प्रश्नांतून. अतारांकिताला कमी लेखणाऱ्यांनी तेवढे पाहावे.

पैशाच्या तक्त्यात मंजूर, वितरित आणि खर्च हे तीन रकाने एकमेकांत मिसळू नका. वेळेच्या दाव्यातही तीच काळजी घ्या. रोजगार हमीची मजुरी १५ दिवसांत दिल्याची टक्केवारी उत्तरांत वर्षानुवर्षे येत राहिली. ती मोजणी पैसे पाठवण्याचा आदेश निघेपर्यंतची होती, मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतची नव्हती. आणि तक्ते परिशिष्टात असतात. परिशिष्ट उघडल्याशिवाय उत्तर वाचले असे म्हणू नका.

भाषणांचे काम तुलनेने हलके आहे. भाषण कशावर झाले ते आधी बघा: अर्थसंकल्पावरची सर्वसाधारण चर्चा, एखाद्या खात्याच्या मागण्या, विधेयक, शून्य प्रहर, की नियम ३७७ खालची सूचना (लोकसभेत इतर नियमांत न बसणारा विषय मांडण्याची सोय). नियम ३७७ खालच्या सूचना अनेकदा वाचल्याही जात नाहीत, नुसत्या पटलावर ठेवल्या जातात, आणि यादीत मात्र त्या "चर्चेतला सहभाग" म्हणून दिसू शकतात. बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळते, त्यामुळे लहान पक्षाच्या खासदाराचे भाषण लहान असणारच. लांबी सोडा आणि भाषणात तपासता येईल असे विधान शोधा. १९६३ मध्ये राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितले की देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंचा आकडा पंधरा आण्यांचा होता. लोहियांशी कोणी सहमत असो वा नसो, सरकारला आकडेमोड मांडायला लावणारे ते भाषण होते. त्याच्याही आधी, ब्रिटिशांच्या काळातल्या कायदेमंडळात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ पासूनच्या अर्थसंकल्पीय भाषणांत हेच केले: शिल्लक दाखवणाऱ्या सरकारला विचारले की लोक हालात असताना ही शिल्लक आली कुठून, आणि मिठावरचा कर कमी करा. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. हे ज्या भाषणात नाही, ते घोषणांचे भाषण आहे. ते दहा मिनिटांत वाचून बाजूला ठेवले तरी चालते.

शेवटी पाठपुरावा बघा. मंत्र्याने "माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवली जाईल" असे म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांवरची समिती आहे. तुमच्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा धरला का? मिळालेल्या उत्तरावर अर्ध्या तासाची चर्चा मागितली का? हो असेल, तर तो माणूस काम करतो आहे, मग त्याच्या प्रश्नांची संख्या कितीही लहान असो.

आणि तुमच्या कागदावरची ती रिकामी उजवी बाजू खासदाराच्या कार्यालयाला पाठवा. "आमच्या भागातल्या समस्या मांडा" असे पत्र लिहू नका, त्याचे काही होत नाही. प्रश्नाचाच मसुदा द्या: एकच विषय, १५० शब्दांच्या आत, मंत्रालयाचे नाव नेमके, आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख, आणि व्याख्या कायद्यातल्या शब्दांत. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात मसुदा पोहोचवा, आणि तो अतारांकित म्हणून दिला तरी चालेल असे त्यात स्पष्ट लिहा.