मठाचा नकाशा मोरीपासून वाचावा

माझा जन्म गिरगावातल्या चाळीत गेला आणि नोकरी सांडपाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे काढण्यात. युरोप मी पाहिलेला नाही. तरी नात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना मध्ययुगीन ख्रिस्ती मठाचा एक नकाशा माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आजोबा, यातल्या सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात. कोणती कसली, कसं ओळखायचं?" मी विचारलं, "गटार कुठून जातंय?" ती हसली. पण त्या रात्री आम्ही नकाशा लावला तो तिथूनच. तसा तो कुणालाही लावता येतो. छापील आराखडा, पेन्सिल आणि निळा खडू एवढंच लागतं.

आधी चर्च शोधा. ते सोपं आहे: क्रुसाच्या आकाराची सर्वांत मोठी इमारत. क्रुसाचा लांब पाय पश्चिमेला आणि वेदीचं टोक पूर्वेला. उत्तरेचा बाण छापलेला नसला तरी वेदी हाच तुमचा बाण. कागद असा धरा की वेदी उजव्या हाताला येईल.

आता क्रुसाचा पाय आणि आडवा हात यांच्या खोबणीत एक चौरस मोकळी जागा दिसेल. तिला क्लॉइस्टर म्हणतात. मी नातीला म्हटलं, हा वाड्याचा चौक समज आणि भोवती देवळासारख्या ओवऱ्या. हा चौक बहुधा चर्चच्या दक्षिणेला असतो, कारण तिकडे सूर्य कायम दक्षिणेकडून कलून येतो आणि उंच चर्चची सावली उत्तरेला पडते. साधू त्या ओवऱ्यांत बसून वाचन-लेखन करत, त्यांना ऊन हवं. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, आपण चौक करतो तो वाऱ्यासाठी.

"बहुधा" म्हटलं ते मुद्दाम. वेल्समधल्या टिंटर्नच्या नकाशावर मी सपशेल आपटलो. चौक वरच्या बाजूला दिसला, तेव्हा कागद उलटा छापलाय असं ठरवून मी तो फिरवला आणि भराभर नावं लिहीत सुटलो. नात म्हणाली, "आजोबा, वेदी पश्चिमेला गेली." टिंटर्नचा चौक खरोखरच उत्तरेला आहे, कारण वाय नदी त्या अंगाला वाहते आणि सांडपाणी तिकडेच सोडायचं होतं. म्हणजे उन्हावर पाण्याने मात केली. माझ्या धंद्यातली गोष्ट मीच विसरलो.

म्हणून खडू आता घ्या. नदी, ओढा, जमिनीखालचा नळ, जे पाणी दिसेल ते निळं करा. उताराच्या टोकाला, वाहत्या पाण्यावर आडवी बसलेली लांबट अरुंद इमारत म्हणजे शौचकूप. तिला चिकटून चौकाच्या पूर्वेच्या बाजूला वरच्या मजल्यावर निजण्याचं दालन. आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक संडास होते, योजना तीच. निजण्याच्या दालनाच्या दुसऱ्या टोकाला जिना शोधा. तो थेट चर्चच्या आडव्या हातात उतरतो, कारण मध्यरात्रीनंतर उठून प्रार्थनेला जायचं असे आणि थंडीत बाहेर पडायची कुणाची हौस? इंग्लंडातल्या हेक्सॅमला असा रात्रीचा जिना अजून शाबूत आहे.

त्याच पूर्व बाजूला तळमजल्यावर, चौकात कमानींनी उघडणारी खोली असेल. ते चॅप्टर हाऊस. मठात कसं राहायचं ते सांगणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत 73 अध्याय आहेत. इथे रोज एक वाचायचा, मग कारभार आणि शिक्षा. अध्यायावरून खोलीला नाव पडलं. भिंतीलगत दगडी बाक असतात.

चौकापलीकडची, चर्चच्या समोरासमोर येणारी बाजू जेवणाची. वास आणि भांड्यांचा आवाज प्रार्थनेपासून लांब. दाराशी हात धुण्याचं कुंड, म्हणजे आणखी एक निळी रेघ. भिंतीच्या जाडीत चार-पाच पायऱ्या दिसल्या की पंगतीचं दालन सापडलं समजा. पंगतीत बोलायचं नाही, एकाने त्या पायऱ्या चढून धर्मग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं. शेजारी स्वयंपाकघर, आणि सगळ्यांसाठी शेकोटी पेटणारी एक खोली. पश्चिमेची बाजू कोठारांची.

इतकं झाल्यावर मगच मठ कोणाचा ते विचारा. पंगतीचं दालन चौकाला समांतर न राहता काटकोनात बाहेर गेलं असेल तर सिस्टर्शियनांचा संशय घ्या. 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे साधेपणाच्या आग्रहातून निघालेला हा पंथ. दालन असं काटकोनात वळवलं की स्वयंपाकघर आणि शेकोटीची खोली दोन्ही चौकाला लागतात. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या फाउंटन्स मठात (स्थापना 1132) हे स्वच्छ दिसतं, आणि पश्चिमेला सुमारे 300 फूट लांबीची, मधोमध खांबांची रांग असलेली कमानदार इमारतही. तिथे गृहबंधू, म्हणजे शेतीची आणि अंगमेहनतीची कामं करणारे मठवासी, राहत; कोठारंही तिथेच. स्केल नदी इमारतींच्या पोटाखालून काढली आहे. तो बोगदा बघून माझा जीव सुखावला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला, छपरांवरचं शिसं उतरवून नेलं, त्यामुळे आज वरून पाहिलं तरी तो नकाशासारखाच दिसतो.

चर्चच अवाढव्य असेल तर फ्रान्समधलं क्लूनी आठवा. मठ 910 चा, तिसरं चर्च 1088 मध्ये सुरू झालं, लांबी सुमारे 187 मीटर. पूर्वीच्या नऊ डब्यांच्या लोकलएवढं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते पाडून दगड विकले. आणि मोठ्या चौकाभोवती सुट्या घरकुलांची रांग, प्रत्येकाला स्वतःची बाग, असं असेल तर ते कार्थूशियन. 1084 मध्ये संत ब्रूनोने आल्प्समध्ये सुरू केलेला हा एकांतवासाचा पंथ. तिथे चाळ नाही, सगळे बंगलेवाले.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलचा नकाशा मात्र शेवटी घ्या. तो नवव्या शतकातला, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला, त्यावर चाळीसेक इमारती: दवाखाना, बिअर बनवण्याची जागा, कोंबड्यांची खुराडी, शौचकूपातली आसनंसुद्धा एकेक काढलेली. तसा मठ कधी बांधला गेला नाही. नंतर कुणी मागच्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं, म्हणून चर्मपत्र वाचलं. लिहिलेली मापं आणि काढलेल्या रेषा जुळत नाहीत. ड्राफ्ट्समनला यात नवल नाही.

नजर बसवायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जा. धर्म वेगळा, काळ कितीतरी आधीचा, पण गरजा त्याच. लेण्यांच्या दाराशी पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, कातळात कोरलेले पन्हळ, 11 क्रमांकाच्या लेण्यात लांब दगडी बाक. सोमवारी उद्यान बंद असतं. पावसाळ्यात गेलात तर खडूचीही गरज नाही. पाणी स्वतःच वाट दाखवत पायऱ्यांवरून उतरत असतं, आणि चपला मात्र रबरी घाला.